परदेशात नातवंडं असलेल्या खानदेशी आजी-आजोबांना खुलं पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या ज्या घरांतला मुलगा किंवा लेक नेमणुकीवर परदेशात आहे आणि तिकडे त्यांच्या पदरात वर्षाच्या आतलं बाळ आहे, अशा सगळ्या आजी-आजोबांना, आत्या-मावशांना, काका-मामांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कंपनीला किंवा दूतावासाला न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत, कारण त्या घरात सर्वांत जास्त चालणारा शब्द तुमचा असतो. कंपनी घरभाडं आणि विमा ठरवते. पण बाळाला काय चाटवायचं, नाव काय ठेवायचं आणि तिकीट कोणत्या महिन्याचं काढायचं हे जळगावहून ठरतं. मग तिकडचा आठवडा कसा जातो हेही जळगावला ठाऊक हवं.

आधी हिशोब. पहिले दोन महिने बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं. ढेकर काढण्यासकट एका वेळेला अर्धा तास धरा. दहा वेळा म्हणजे रोजचे पाच तास, आठवड्याचे पस्तीस. युरोपातली पूर्ण वेळ नोकरीसुद्धा पस्तीस-चाळीस तासांचीच असते. म्हणजे नुसतं पाजणं ही एक नोकरी, आणि तिला रात्रपाळी सक्तीची. दिवसाला आठ-दहा डायपर, आठवड्याला साठ-सत्तर. धुण्या-भांड्याला बाई नाही. बऱ्याच इमारतींत कपडे धुण्याचं मशीन तळघरात सगळ्यांना मिळून असतं आणि त्याची वेळ आधी नोंदवावी लागते. जर्मनीत कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा असतो. ज्या डब्यात डायपर जातात त्याची गाडी अनेक गावांत दोन आठवड्यांनी येते, आणि ती सकाळ चुकली की महिनाभराचे डायपर दाराशी. बाळाचं वजन, लस, जन्मनोंद, व्हिसा ही सगळी कामं सोमवार ते शुक्रवार, ऑफिसच्याच वेळात, आधी वेळ घेऊन. दहा मिनिटं उशीर झाला की ती वेळ गेली आणि पुढची दोन आठवड्यांनी. बाळंतपणाची रजा बाईला असते, बापाला किती मिळेल ते त्या देशाच्या कायद्यावर आणि पाठवणाऱ्या कंपनीच्या मनावर.

अशा आठवड्यात फट कुठे आहे ते पाहून त्यात बसेल अशीच मदत करा, एवढं आमचं मागणं आहे. मदत नको असं कुणीच म्हणत नाही.

फोनपासून सुरुवात करू. सकाळी सातला चहा घेता घेता तुम्ही व्हिडिओ कॉल लावता, "नातू काय करी ऱ्हायना?" तेव्हा लंडनमध्ये हिवाळ्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो, उन्हाळ्यात अडीच. न्यू जर्सीत रात्रीचे साडेआठ-साडेनऊ, म्हणजे नेमकी झोपवायची वेळ. दुबई दीड तास मागे आणि रियाध अडीच तास मागे, तिकडे पहाट. सिंगापूर अडीच तास पुढे, तिथे बाप ऑफिसात. त्यापेक्षा रात्री साडेआठची वेळ बऱ्याच देशांना चालते: दुबईत सात, रियाधला सहा, लंडनला दुपारचे तीन किंवा चार, न्यू जर्सीत सकाळचे दहा किंवा अकरा. सिंगापूर आणि जपानवाल्यांसाठी मात्र दुपारी साडेतीन-चार बरे. साडेआठला तुमची मालिका असते हे माहीत आहे. ती मोबाइलवर नंतरही पाहता येते.

हा "किंवा" का, तर युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. बाळाला हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे त्या आठवड्यात सगळं घर तासभर पुढे-मागे झालेलं असतं. तेव्हा "फोन का उचलत नाही" म्हणून रुसू नका. शिवाय रविवार सगळीकडे सुट्टीचा नसतो. सौदी, कतार, कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी आठवडा सुरू. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, शुक्रवारी अर्धा दिवस.

पहिल्या दोन महिन्यांत बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, साधारण २० ते ३० सेंटीमीटर. फोनमधला तुमचा चेहरा त्याला कळत नाही, आवाज मात्र कळतो. म्हणून रोजच्या चार कॉलऐवजी दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ओवी म्हणा, अहिराणीत बोला, जात्यावरचं गाणं आठवत असेल तर ते म्हणा. बाळ रडायला लागलं की आई ते हवं तेव्हा लावू शकते. तीन महिन्यांनंतर व्हिडिओ कॉलचा खरा उपयोग होतो. बाळाला जागेपणी दिवसभरात थोडं थोडं करून अर्धा तास पोटावर ठेवायला सांगतात, मान आणि खांदे भरावेत म्हणून. त्या वेळी समोर फोन ठेवला आणि तुम्ही हाक मारलीत तर ते मान उचलतं. लहान बाळांना पडदा दाखवू नका म्हणणारे डॉक्टरही घरच्यांच्या व्हिडिओ कॉलला सूट देतात.

आता औषधांचं, आणि इथे थोडं थांबून वाचा.

भारतात बाळांसाठी मिळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या थेंबांत साधारणपणे १ मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ. औषध असतं. ब्रिटनमधल्या बाळांच्या सिरपमध्ये ५ मि.ली.ला १२० मि.ग्रॅ., म्हणजे १ मि.ली.ला २४. अमेरिकेत ५ मि.ली.ला १६०, म्हणजे १ मि.ली.ला ३२. बाटल्या दिसायला सारख्याच. ब्रिटनमध्ये मेनिन्जायटिस बीची लस दिली की ताप यायची वाट न पाहता २.५ मि.ली. सिरप द्यायला नर्स सांगते, म्हणजे ६० मि.ग्रॅ. घरातलं सिरप संपलेलं असलं आणि कुणी सामानातून पाठवलेली इथली थेंबांची बाटली काढून तेच अडीच मि.ली. पाजले, तर बाळाच्या पोटात २५० मि.ग्रॅ. जातात. चौपटीहून जास्त, आणि ते यकृतावर जातं. उलटंही होतं. इथल्या डॉक्टरांनी लिहिलेले ०.६ मि.ली. तिथल्या सिरपमधून दिले तर जेमतेम १४ मि.ग्रॅ. जातात, ताप काही उतरत नाही आणि घरभर घबराट. म्हणून फोनवर "अर्धा चमचा दे", "इतके मि.ली. दे" असं कधीच सांगू नका. मात्रा बाळाच्या वजनावर आणि मि.ग्रॅ.वर ठरते, आणि ती तिथल्या बाटलीसाठी तिथल्या नर्सने सांगायची. बाटली तर पाठवूच नका.

सर्दी-खोकल्याच्या सिरपचंही तसंच. क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सिरपं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं आपल्याच देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं आहे. मेडिकलवाला देतो म्हणून ती पेटीत जातात.

अमेरिका सोडली तर तिकडचे थर्मामीटर सेल्सियसमध्ये असतात. ३८ म्हणजे आपले १००.४. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा जास्त ताप असेल तर घरगुती उपाय नाही, फोनवर सल्लामसलत नाही, सरळ डॉक्टर. अशा वेळी मुलाचा फोन आलाच तर तुम्ही एकच वाक्य बोला: "आधी दवाखान्यात जा, मग सांग."

घुटी, मध आणि काजळ ही तीन नावं फोनवर सगळ्यात जास्त येतात. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीही नाही, हे आता इथली आशाताईसुद्धा सांगते. घुटीची अडचण अशी की ती वेढ्यांवर मोजतात. हळकुंडाचे दोन वेढे कुणाच्या हाताने किती उगाळले जातील याचा नेम नाही. सहाण, पाणी, चमचा यांतून जंतू जातात ते वेगळंच. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगीत जातं, आणि "घुटी दिली की छान झोपतं" म्हणतात त्यातली काही झोप ही असते. वेखंडाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ पासून खाद्यपदार्थांत बंदी घातलेली आहे. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि त्यांचं विष स्नायू लुळे करतं. मध उकळून घेतला तरी बीजाणू मरत नाहीत. काजळ आणि सुरम्यात शिसं सापडतं, म्हणून अमेरिकेत ते आयात करणंच बेकायदा आहे. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर पायाच्या तळव्याला लावा, डोळ्यात नको.

धुरीबद्दल. तिथल्या घरांच्या छताला धूर ओळखणारे भोंगे बसवलेले असतात. ओवा-बाळंतशेपाची धुरी दिली की भोंगा, आणि काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. भोंगा बंद करून, खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवणं तर जिवावरचं, कारण बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि बाळ-बाळंतीण झोपेतच जातात. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून, आईच्या कमरेला. आपल्या लाल तिखटाच्या फोडणीनेही तो भोंगा वाजतो, तेव्हा ठेचा करायचा तर खिडकी उघडून.

मालिशचं मात्र तुमचं बरोबर आहे, त्यावर तिकडची नर्सही हरकत घेणार नाही. कोमट तेल, हलका हात, पाय सायकलसारखे फिरवणं, पोटावर घड्याळाच्या दिशेने हात. पाजल्यावर लगेच नको, पाऊण तासाने. फक्त नाकात, कानात तेल नको, कारण नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. सहा आठवड्यांच्या सुमारास बाळाचं रडणं सर्वांत जास्त असतं, बहुतेक संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांत ते आपोआप कमी होतं. तेव्हा प्रत्येक वेळी "पोट दुखत असेल, ग्राइप वॉटर पाज" म्हणायची गरज नाही. सहा आठवड्यांपासूनच अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस शी करत नाही, तेही चालतं, शी मऊ असली म्हणजे झालं. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावायला सांगू नका, जखम होते.

कॅमेऱ्यात बाळ टोपीशिवाय दिसलं की तुमचा जीव वर-खाली होतो. घरात हीटर चालू असतो. ब्रिटनमध्ये बाळाच्या खोलीसाठी १६ ते २० अंश सांगतात, आणि घरात टोपी घालून झोपवू नका म्हणतात, कारण बाळाचं अंग डोक्यातूनच थंड होतं आणि जास्त तापलेल्या बाळाला झोपेत श्वासाचा धोका वाढतो. त्याच कारणासाठी पाळण्यात उशी नाही, गोधडी नाही, आणि राईची उशीसुद्धा नाही. बाळ उताणंच झोपवायचं. डोकं एका बाजूने चपटं होतंय वाटलं तर जागेपणी पोटावर ठेवायचं, उशीने गोल होत नाही. कोवळ्या उन्हाचं म्हणाल, तर डिसेंबरच्या लंडनमध्ये ते नसतंच. तिथे रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात, आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही तेवढेच देतात. कावीळ पहिल्याच दिवशी दिसली किंवा पिवळेपणा पायापर्यंत उतरला तर ऊन दाखवत बसू नका, दवाखाना.

आता डब्याचं. नातवंडासाठी नाही, बाळंतिणीसाठी तुम्ही जे पाठवता ते. डिंकाच्या लाडवात खसखस असते. अमिरातीत खसखस मादक पदार्थांच्या यादीत आहे, आणि आखातात बाकी ठिकाणीही ती चालत नाही. विमानतळावर लाडू फोडून पाहतात आणि पुढे पोलिसांचं प्रकरण होतं. सौदीत जायफळही बंद आहे, म्हणजे घुटीचा डबा आणि पुरणात घालायची पूड दोन्ही. आखातात जाणाऱ्याच्या हातात लाडू देणार असाल तर खसखस वगळून बांधा, तीळ किंवा खोबरं वाढवा, आणि कुणाच्या घरून आलेले लाडू न फोडता पुढे देऊ नका. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, घरचं तूप बाद. तूप तिथल्या भारतीय दुकानात मिळतं, म्हणून कोरडा ऐवज द्या: डिंक, अळीव, खारकेची पूड, मेथीची पूड, सुंठ. प्रत्येकाची वेगळी पुडी, वर इंग्रजीत नाव. लाडू तिथेच बांधले जातील. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर लिहावी लागते. लिहिली आणि त्यांनी काढून घेतली तर फक्त वस्तू जाते, न लिहिता सापडली तर दंड. बियाणं कुठेच पाठवू नका. भरताच्या वांग्यांचं बी बाल्कनीत लावायचं म्हणून रुमालात बांधून देणारे पुष्कळ आहेत, आणि जळगावच्या वांग्याला भौगोलिक मानांकन असलं तरी कस्टमवाल्याला त्याचं काही नाही.

उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कोरडी चटणी जातात. कळण्याचं पीठ जातं पण टिकत नाही. दोन किलोपेक्षा जास्त दिलं तर दमट हवेत पोरकिडे होतात, आणि ते फ्रीजरमध्ये ठेवायला तिथे जागा नसते, कारण फ्रीजरमध्ये आईचं काढलेलं दूध असतं. हे दूध खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस आणि फ्रीजरमध्ये सहा महिने चांगलं राहतं.

सगळ्यात उपयोगी पाठवणी वजनाला सर्वांत हलकी आहे. जुन्या सुती लुगड्याची दुपटी, चार-सहा वेळा धुऊन मऊ झालेली, आणि डझनभर लंगोट. बाजारच्या नव्या कापडाला खळ असते, ती बाळाच्या मांडीला घासते. दुपटी-लंगोटांवर कोणत्याही देशात बंदी नाही. गोधडी शिवलीत तर ती जमिनीवर पोटावर ठेवायला वापरतील, पाळण्यात नाही, म्हणून रागावू नका.

नाव. आपल्याकडे बारशापर्यंत नाव ठरलं नाही तरी अडत नाही. जन्मनोंद २१ दिवसांत करायची, नाव नंतर भरता येतं. तिकडे तसं नाही. इंग्लंडमध्ये ४२ दिवसांच्या आत, स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांच्या आत नोंद करावी लागते. जर्मनीत जन्माची खबर आठवड्यात द्यावी लागते. अमेरिकेत बहुतेक दवाखाने घरी सोडण्यापूर्वीच नावाचा कागद पुढे करतात, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तेव्हा मुलाचं एक, मुलीचं एक नाव सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा, आणि आत्याला ते कानात सांगायला बारशापर्यंत थांबू द्या. अक्षर राशीवरून काढणार असाल तर गुरुजींना जन्माची तिथली वेळ आणि तिथलं गाव सांगा. न्यू जर्सीत जानेवारीत ५ तारखेला दुपारी तीनला जन्मलेलं बाळ जळगावच्या घड्याळात ६ तारखेला पहाटे दीडला जन्मतं. कागदोपत्री तारीख ५च. घरात ६ म्हणत राहिलात तर एक दिवस कुणीतरी ती अर्जात लिहितो.

मधल्या नावाचंही आधी ठरवा. आपल्याकडे बाळाचं, वडिलांचं, आडनाव असं तीन पदरी नाव. तिथल्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव बाळाच्या नावासोबत लिहिलं नाही तर पासपोर्टवरही येत नाही, आणि नंतर घालायचं म्हणजे सगळे कागद पुन्हा.

परदेशात जन्मलेल्या बाळाला वंशाने भारतीय नागरिकत्व घ्यायचं तर जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात नोंद करावी लागते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-बापांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर प्रकरण केंद्र सरकारच्या परवानगीवर जातं. अमिरातीत याशिवाय १२० दिवसांच्या आत बाळाचा राहण्याचा व्हिसा लागतो, नाहीतर दिवसाला दंड. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाचा पासपोर्ट बहुधा तिथलाच असतो, आणि मग त्याला आजोळी यायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) लागतं. "सव्वा महिना झाला की या" हे म्हणूनच जमत नाही. पासपोर्टच्या फोटोलाच एक शनिवार जातो: पांढरी चादर, बाळ उताणं, वरून फोटो, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कान दिसायला हवेत आणि फोटोत कुणाचा हात नको.

तुम्ही स्वतः जाणार असाल तर दोन्हीकडच्या आजी एकाच वेळी जाऊ नका. दोन खोल्यांच्या घरात चार मोठी माणसं आणि एक बाळ म्हणजे मदतीपेक्षा स्वयंपाक जास्त. आईच्या आईने पहिले सहा आठवडे घ्यावेत. बाळंतीण कामावर परत जाते त्या आठवड्यात वडिलांच्या आईने पोचावं, कारण पाळणाघरात रुळेपर्यंतचे ते दिवस सर्वांत कठीण, आणि तोवर बाळ आजारीही पडायला लागतं. निघण्याआधी निदान दोन आठवडे धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची मोठ्यांची एकत्र लस घ्या, खाजगी दवाखान्यात मिळते. नवजात बाळाला डांग्या खोकला बहुतेक घरच्याच मोठ्या माणसाकडून लागतो. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मुक्कामापेक्षा दोन आठवडे जास्तीच्या, मूळ पाकिटात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह. ट्रामाडोल किंवा कोडीन असलेली औषधं आखातात परवानगीशिवाय नेऊ नका. खापर नेऊ नका, अनेक घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि तिच्यावर माती किंवा ॲल्युमिनियम तापत नाही. लोखंडी तवा चालतो. विमानतळावरून घरी येताना बाळाला मांडीवर घ्यायला मागू नका. गाडीत बाळाची वेगळी खुर्ची कायद्याने लागते, तोंड मागच्या बाजूला करून बसवलेली.

तिथे गेल्यावर सर्वांत मोलाचं काम म्हणजे पहाटे पाच ते आठ बाळ घेऊन बसणं. तुमची झोप तशीही भारतातल्या वेळेमुळे उडालेलीच असते. आईला सलग तीन तास मिळतात, आणि दूध कमी पडण्याच्या कितीतरी तक्रारींचं मूळ तिच्या थकव्यात असतं.

आणि आता गावी येण्याचं. आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे, हे मान्य. पण आखाजी येते एप्रिल-मेमध्ये, जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर असताना, आणि पंधरा अंशांतून आलेल्या बाळाला त्या उन्हाची सवय नसते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी देता येत नाही, म्हणून आईला तासातासाला पाजावं लागतं, त्यासाठी तिला स्वतःला तीन-साडेतीन लिटर पाणी प्यावं लागतं, आणि पंगतीत बसून ते जमत नाही. श्रावणात कानबाईला यावं तर डास आणि जुलाब. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बाळाला मानवतात, आणि भरिताचा हंगामही तेव्हाच असतो. यंदाची आखाजी व्हिडिओवर होऊ द्या, पुढच्या वर्षी बाळ चालत येईल.

येताना लसीचं कार्ड हातातल्या पिशवीत असावं, आणि ते जर्मन किंवा अरबीत असेल तर इंग्रजी भाषांतरासह. बीसीजी ब्रिटन-अमेरिकेत सरसकट देत नाहीत. आपल्याकडे ती वर्षाच्या आतल्या बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, म्हणून पहिल्याच आठवड्यात लसीकरणाचा दिवस विचारून ठेवा. गोवराची लस तिकडे बहुतेक बारा महिन्यांनंतर देतात, आपल्याकडे नऊ महिन्यांनी. सहा महिन्यांपुढचं बाळ भारतात येणार असेल तर निघण्यापूर्वी गोवराचा एक जादा डोस देण्याची शिफारस अमेरिकेतले डॉक्टर करतात. तिथल्या डॉक्टरांना हे विचारायची आठवण तुम्ही करून द्या.

मुंबईला उतरून रेल्वेने भुसावळपर्यंत किंवा कसारा घाटातून धुळ्याला येईपर्यंत बाळाचा एक पूर्ण दिवस मोडलेला असतो. अमेरिकेतून आलं तर रात्र-दिवस सुलटे व्हायला आठवडा लागतो. म्हणून आल्यापासून चार दिवस गल्लीला बोलावू नका, जेवणावळ ठेवू नका. खोकणारा माणूस ओसरीवरूनच परत. बाळ घेण्याआधी साबणाने हात, आणि तोंडाचा मुका कुणीही नाही, मग तो कितीही जवळचा असो.

जाऊळ एकवीरेला काढायचं ठरलं असेल तर ते मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी लवकर. टाळू वर्ष-दीड वर्षापर्यंत भरलेली नसते, त्यामुळे वस्तरा टाळूवर दाबू द्यायचा नाही. केस कोमट पाण्याने चांगले भिजवून, बाळाचं पोट भरलेलं असताना, मामाने मांडीवर घेऊन एका हाताने कपाळ आणि एका हाताने हनुवटी धरायची. पातं नवं, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं, आणि ते पाकीट तुम्हीच विकत घेऊन न्या. कापलंच तर स्वच्छ कापडाने पाच मिनिटं दाबून धरा, हळद भरू नका.

तुमचे नम्र,
परदेशी नेमणुकीवर बाळं वाढवणारी काही खानदेशी घरं आणि त्यांच्या ओळखीतल्या नर्सताई